भिंतीच्या अलीकडं

सात मॅच, एक पॉइंट.
तोही समोरच्यांची जीप होटगीजवळ बसली म्हणून.
विडी घरकुलची अकरा पोरं
आणि बारावा मी, अंबादास येमूल,
रात्रपाळीचे डोळे घेऊन
गोलच्या मागं उकिडवा बसलेला.

जर्सी सादूल शेठनी दिली, टॉवेलच्याच कापडाची.
हाफ टाइमला पोरं ती अंगातच पिळायची.
कीपर चिलक्याचा व्यंकटेश
जाळीतनं बॉल काढताना माझ्याकडं बघायचा,
जसं काही मीच ठेवलावता तो तिथं.

हिप्परगी सर म्हणायचे, बचाव, बचाव.
बचाव करता करता अकरा जण
एका चादरीत झोपल्यासारखे
आपल्याच गोलापुढं गोळा.
चौकात लोक विचारायचे, "काय बे अंबादास, आज किती खाल्ले?"
जेवण विचारावं तसं.
मी म्हणायचो, पाच. शेंगाचटणीसकट.

मग गड्डा उठला.
पाळण्यांचे लोखंडी सांगाडे ट्रकवर चढले,
आणि त्या रविवारी जोडीदाराच्या घरी बारसं निघालं,
त्याचे माग माझ्या गळ्यात.
मॅच बुडली. माझी, त्यांची नाही.
संध्याकाळी कान अजून खडखडत होते,
दंडोतीचा लहाना ओरडत आला, दोन-शून्य!
मी म्हटलं, बरंय, दोनच खाल्ले.
"नाही ओ मामा. दिले!"

सरांनी केलं एवढंच,
इरफान बागवानला पुढं ढकललं.
सहा वर्षं बॅकला उभा राहून
केळ्यांची गाडी राखावी तसा बॉल राखायचा.
जपायची सवय काही गेली नाही,
आता थेट त्यांच्या जाळीत नेऊन ठेवतो.

असं लोक सांगतात. मला दुसरंच कळलं.
पुढच्या रविवारी हौसेनं गेलो, एक-तीन हरले.
त्याच्या पुढच्याला पाच दिवसांनी पाणी आलं,
घागरी भरत घरीच राहिलो, जिंकले.
मुद्दाम राहिलो, पुन्हा जिंकले.
बायको विड्या वळता वळता म्हणाली,
येमैंदि, आज मैदान नाही?
मी बोललो नाही. असलं सांगायचं नसतं.

तेव्हापासून मी आत जात नाही.
चहाच्या गाड्यामागं भिंतीला पाठ लावून उभा राहतो.
चाळीस वर्षं मागाच्या आवाजात काढली,
एक सूत तुटलं तरी कानाला कळतं,
हे तर मोकळं मैदान.
बुटाचा ठप्प. शिट्टी. सरांचं "पुढं बे, पुढं!"
आणि व्यंकटेशची हाक,
आधी घशातच राहायची,
आता कुमठा नाक्यापर्यंत जाते.
मागावरच्या माणसानं इथं धोट्याची उपमा द्यावी
अशी अपेक्षा असते. देणार नाही.
धोटा ठरल्या जागी जातो.
आमची पोरं अजून तितकी चांगली नाहीत.

काल पहिल्या नंबरवाल्यांशी होती.
शेवटची दहा मिनिटं असावीत.
आत एकदम सगळं गप्प,
आणि आभाळातनं बॉल आला,
भिंत ओलांडून, बरोबर माझ्या पायाशी.
उचलला. एका बाजूनं शिवण उसवलेली,
तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा गरम.
"ओ काका, द्या की लवकर!"
पलीकडून कुणीतरी. आमचा की त्यांचा, कळेना.
घटकाभर वाटलं, घेऊन घरी जावं.
चौथा नंबर आहे. एवढ्यावर थांबावं.

मग दोन पावलं मागं सरलो
आणि चपलेसकट मारला.
बॉल गेला. चप्पलही गेली.
चप्पल आत पडली म्हणजे मी आत गेलो का,
हे कुणाला विचारणार?
एक पाय डांबरावर भाजत,
दुसरा त्याच्यावर ठेवून,
ऐकत राहिलो.